शेपटाचं वजन

काटासाहेबांनी विमान बांधायला घेतलं ते साडूंमुळे. माणसं आयुष्यातल्या बऱ्याच उचापती साडूंमुळेच करतात. कुणी ऐपत नसताना गाडी घेतं, कुणी गुडघे दुखत असताना डोंगर चढतं. तेव्हा कारणात नवल नव्हतं. नवल होतं ते माणसात. काटासाहेब वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते, आणि जमिनीवरून उचललेली कुठलीही वस्तू वजन केल्याशिवाय सोडायची नाही हा त्यांचा बाणा होता. काटासाहेब हे नाव त्यांना इमारतीनं दिलेलं. दुकानातल्या तराजूचा काटा मध्यावर आहे की नाही, हे ते रस्त्याच्या पलीकडून सांगत. निवृत्तीनंतर हाताशी तराजू उरला नाही, म्हणून ते भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत फिरायचे. घरातल्या संपल्या की शेजाऱ्यांच्या.

तर साडू. साडूंचं फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि कुठल्याही विषयावर ते नव्या सोफ्यावर रेलल्यासारखे ऐसपैस बोलत. एका रविवारी त्यांच्याकडे बारा माणसं जेवायला होती. काटासाहेबांची मुलगीही सुट्टी काढून आली होती. ती परगावी विमानाच्या कारखान्यात नोकरीला. साडूंनी तिला विचारलं, "काय गं, तिकडे विमानं बनवता ना? त्यात तू नक्की काय करतेस?"

"शेपटीच्या विभागात आहे, काका. डिझाइन करते."

"म्हणजे अख्खं विमान नाही?"

"नाही. फक्त शेपूट."

साडूंनी घास खाली ठेवला. असा घास ते क्वचितच खाली ठेवत. "म्हणजे चार वर्षं शिकून, वर आणखी दोन वर्षं शिकून पोरगी शेवटी शेपटाला लागली म्हणायची."

बारा माणसं हसली. त्यात वहिनींची, म्हणजे काटासाहेबांच्या बायकोची, सख्खी बहीणही होती. काटासाहेबांच्या तोंडात त्या वेळी नेमका मोठा घास होता. तो गिळून ते उत्तर देणार, तोवर गप्पा गादीच्या कापसावर गेल्या. चोख उत्तर त्यांना सुचलं ते घरी जाताना बसमध्ये, आणि बसमध्ये साडू नव्हते.

मुलगी खिडकीशी बसली होती. दोन थांबे गेल्यावर ती म्हणाली, "काका काही खोटं नाही बोलले, बाबा. शेपूटच तर आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखान्यात एक छोटं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान घडत होतं. वजन वाचवायचं म्हणून त्याचं शेपूट लहान करायचं वरच्या लोकांनी ठरवलं होतं. हिनं टिपण लिहिलं होतं की लहान नको, उलट मोठं हवं. शिकणारा माणूस चुकला तर विमानानं स्वतः सावरलं पाहिजे. पंधरा दिवसांनी, सोमवारी, ते टिपण तिला सगळ्यांसमोर मांडायचं होतं.

"मागे घेणार आहे मी ते," ती म्हणाली. "तिथे सगळे वीस-वीस वर्षांचे मुरलेले. मी शेपूट म्हटलं की हसतात."

"हसतात" हा शब्द काटासाहेबांना टोचला. त्यांनाही लोक हसले होते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात पिशवीत पितळी वजनं घेऊन बाजारात फिरणारा तो काटकुळा माणूस बघून दुकानदार खो खो हसायचे. काटासाहेब त्यांचं हसणं पूर्ण होऊ द्यायचे आणि मग शांतपणे म्हणायचे, "झालं? आता मोजून बघू." या चार शब्दांवर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती.

"टिपण मागे घेऊ नकोस," ते म्हणाले. पण ती पुन्हा खिडकीतून बाहेर बघायला लागली होती. बापाचं सांगणं आणि बसच्या कंडक्टरचं सांगणं यात तिला त्या क्षणी फारसा फरक वाटत नसावा. तेव्हा सांगून भागणार नव्हतं. करून दाखवायला हवं होतं.

बेत साधा होता. पंधरवड्यानं रविवारी मुलगी घरी असणार. त्या दिवशी मैदानावर, साडूंना समोर बसवून, काटासाहेब स्वतः बांधलेलं विमान उडवणार. आधी शेपटासकट. मग शेपूट काढून. शेपटासकटचं डौलात उडेल, बिनशेपटाचं धाडकन पडेल, साडू पाहतील, मुलगी पाहील, विषय संपला. या बेतात एकच त्रुटी निघाली, ती अशी की शेपटासकटचंही धाडकन पडायला लागलं.

पण ते पुढे. आधी बांधणी. नव्या वॉशिंग मशीनच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर होता, त्याचे पंख झाले. शेपूट जाड पुठ्ठ्याच्या फाइलीचं. उरला मधला सांगाडा. त्यासाठी काहीतरी लांब, हलकं आणि सरळ हवं होतं. काटासाहेबांची नजर घरभर फिरून झोपायच्या खोलीतल्या पडद्याच्या रॉडवर स्थिरावली. अॅल्युमिनियमचा पोकळ रॉड, दोन्ही टोकांना पितळेचा मुलामा दिलेली जड बोंडं.

"मग पडदा कशाला लावायचा?" वहिनींनी विचारलं.

"दोरीला. तात्पुरता."

"आणि ती बोंडं तरी काढा. विमानाला बोंडं असतात का कुठे?"

"दोन्हीकडे आहेत ना. म्हणजे समतोल आहे."

या घरात या वाक्यापुढे वाद चालत नसे. वहिनींनी पडदा दोरीला बांधला. दोरी मध्ये लोंबली, पडद्याला पोट आलं, आणि समोरच्या इमारतीला आपल्या घरातलं काय काय दिसतंय याची वहिनींना नवी काळजी लागली.

खालच्या मजल्यावर टीव्ही दुरुस्त करणारा राहायचा. त्यानं एका मोडक्या खेळण्यातली मोटार, बॅटरी आणि रिमोट दिला. मोटार नाकाशी बसवली. लगेच नाक जड झालं. काटासाहेबांच्या अंगावर शहारा आला. काटा ढळलेला तराजू पाहून तो जन्मभर येत आला होता. त्यांनी बॅटरी उचलून पार शेपटाजवळ नेऊन चिकटवली. मग रॉडच्या बरोब्बर मध्यावर दोरा बांधून विमान पंख्याच्या हुकाला टांगलं, आणि एकेक सेंटिमीटर बॅटरी सरकवत, जिभेचं टोक दाताखाली धरून, ते अख्खा दिवस तोलत बसले. संध्याकाळी रॉड असा आडवा स्थिर झाला की त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा आणि तो गोंधळून जावा. बाजारातल्या एकाही तराजूनं त्यांना इतकं समाधान दिलं नव्हतं.

पहिलं उड्डाण गच्चीवरून झालं. विमान हातातून सुटलं, दहा-बारा फूट सरळ गेलं, मग त्यानं नाक वर केलं. आणखी वर केलं. मग काहीतरी विसरल्यासारखं ते हवेत क्षणभर थबकलं, आणि शेपटावर बसून मागच्या मागे खाली गेलं. खाली समोरच्या दारातल्या निवृत्त हेडबाई दूध घेऊन येत होत्या. विमान त्यांच्या पायाशी पडलं. हेडबाईंनी ते उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि वर गच्चीकडे बघून, वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला. "शेपूट लहान आहे."

"तुम्हाला काय ठाऊक?" काटासाहेबांनी वरून विचारलं.

"चाळीस वर्षं पोरांना कागदी विमानं उडवताना पकडलंय मी. ज्याचं शेपूट मोठं, ते थेट माझ्या टेबलापर्यंत यायचं."

काटासाहेबांनी शेपूट मोठं केलं. मोठं झाल्यावर ते जड झालं, म्हणून बॅटरी थोडी पुढे घेऊन काटा पुन्हा मध्यावर आणला. पुन्हा नाक वर, पुन्हा थबकणं, पुन्हा धाडकन. आणखी मोठं केलं. विमानाचं शेपूट पंखाच्या निम्म्यापर्यंत आलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या की पुढे पंख लावलेत कशाला, मागचेच पुरेत.

काटासाहेबांनी एकदा मुलीला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलंही, "समजा, उगाच आपलं, शेपूट नेमकं केवढं असावं?"

"अवलंबून असतं, बाबा," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "आणि आता कुणाला काय फरक पडतो?"

फोन ठेवल्यावर काटासाहेबांनी शेपटाला आणखी बोटभर पुठ्ठा लावला. रागानं.

टीव्हीवाल्याचं निदान वेगळं होतं. त्याच्या मते दोष आकारात नसून नियंत्रणात होता. शेपटाच्या आडव्या पट्टीला मागे एक हलती फळी हवी, रिमोटनं वरखाली होणारी, म्हणजे नाक हवं तेव्हा वर आणि हवं तेव्हा खाली करता येईल. हे त्याचं बरोबर होतं. त्यानं ती बसवली, वळवायला उभ्या पट्टीलाही तशीच एक छोटी फळी दिली, तारा जोडल्या आणि रिमोटची स्टिक मागे ओढली. आडवी फळी खाली गेली.

"आता बघा साहेब. फळी खाली, म्हणजे शेपूट खाली. शेपूट खाली म्हणजे नाक वर. स्टिक मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की नाक खाली. सरळ हिशोब आहे."

काटासाहेबांनी तो मनातल्या मनात दोनदा करून पाहिला. तो दोन्ही वेळा सरळच आला. इतका सरळ हिशोब चुकीचा कसा असू शकतो, हे फक्त हवेला माहीत होतं, आणि हवेला कुणी विचारलं नव्हतं.

आता गच्ची पुरणार नव्हती. मैदान हवं, आणि मैदानाला परवानगी हवी. मैदान कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज पुढे सरकवला. अर्जात चार रकाने होते: खेळ, सभा, लग्नकार्य, इतर.

"इतर," काटासाहेब म्हणाले.

"इतरला वजनाचा दाखला लागतो. मागे एकानं इतरमध्ये रोडरोलर आणला होता. मैदान अजून सपाट आहे, पण नको तिथे."

"अहो, हे थर्माकोलचं आहे."

"असं सगळेच म्हणतात."

"कुणाचा दाखला चालेल?"

"वजनमापे खात्याचा," कारकून म्हणाला, आणि या माणसाचा चेहरा एकदम एवढा का फुलला हे त्याला कळेना.

काटासाहेब विमान काखेत घेऊन आपल्या जुन्या कार्यालयात गेले. त्यांच्या खुर्चीत आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस बसत होता. तो उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "साहेब, बाहेरच्या बाकावर बसा. नंबर येईल तसं बोलावतो."

"अरे, मी आहे."

"म्हणूनच साहेब. ओळखीचा माणूस आला की दुप्पट कडक व्हायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

ज्या बाकावर एकतीस वर्षं दुकानदारांना बसवलं त्या बाकावर काटासाहेब दोन तास बसले, आणि त्यांना प्रथमच कळलं की बाकाचा एक पाय आखूड आहे. एकतीस वर्षं माणसं या खात्याच्या दारात डुगडुगत बसली होती आणि कुणी तक्रार केली नव्हती. त्यांना आतून जरासं लाजल्यासारखं झालं. शिष्यानं विमान तीन वेळा तोललं, तिन्ही आकडे लिहिले, आणि शिक्का मारला: 'विमान, एक नग, सहाशे चाळीस ग्रॅम.' काटासाहेबांनी दाखला उजेडाकडे धरून शिक्का सरळ आहे का ते पाहिलं. सरळ होता. मन भरून आलं.

शुक्रवारी मैदानावर चाचणी झाली. टीव्हीवाल्यानं विमान फेकलं, काटासाहेबांनी रिमोट धरला. सवयीप्रमाणे विमानानं नाक वर केलं. काटासाहेबांनी शांतपणे स्टिक पुढे ढकलली. नाक आणखी वर गेलं. त्यांनी आणखी ढकलली. विमान उभं राहिलं, पाठीवर पडलं, आणि उताणं होऊन लांब उडीच्या वाळूत घुसलं. वाळूबाहेर फक्त शेपूट राहिलं, भलंमोठं, सरळ, एखाद्या पाटीसारखं. कारकून ऑफिसच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "खड्डा भरून द्यावा लागेल."

त्या रात्री काटासाहेबांनी अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली. नंतर म्हणाले, "साडूंना फोन करून सांग, रविवारी नको."

"ती टिपण मागे घेतेय, आणि तुम्ही विमान मागे घेणार," वहिनी म्हणाल्या. "छान. बापलेकीत फरक नको." आणि त्यांनी फोन केला नाही.

शनिवारी सकाळी मुलगी आली. विमान पलंगाखाली लपवलेलं होतं. ती खोलीत गेली, आणि दोरीवर पोट काढून लोंबणारा पडदा बघून तिनं विचारलं, "आई, रॉड कुठे गेला?"

"उडाला," वहिनी म्हणाल्या. "अजून नीट नाही. पण प्रयत्न चालू आहेत."

विमान बाहेर निघालं. मुलगी ते हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग तिनं दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवून ते उचललं. शेपूट तत्काळ खाली कललं.

"बाबा, हे तोललंय कुठे?"

"बरोब्बर मध्यावर," काटासाहेब म्हणाले. पराभवातही त्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. "दोऱ्याला टांगून. केसाएवढा फरक नाही."

मुलगी पलंगावर बसली आणि हसायला लागली. पण हे हसणं जेवणाच्या ताटावरचं नव्हतं. ते खूप दिवसांनी घरात आलं होतं आणि त्याला थांबायचं नव्हतं. "बाबा, हे विमान नाहीये. तराजू आहे."

"मग? वाकडं हवं?"

"नाक जड हवं. तोल पंखाच्या पुढच्या भागाशी हवा. विमान सारखं नाक खाली घालायला बघत असलं पाहिजे."

"मग ते पडेल."

"म्हणून तर शेपूट. शेपूट विमानाला उचलत नाही, बाबा. मागून खाली दाबून धरतं. नाक खाली गेलं की वेग वाढतो, वेग वाढला की शेपूट जास्त जोरानं दाबतं, नाक आपोआप वर येतं. फार वर गेलं की वेग कमी, दाब कमी, नाक पुन्हा खाली. कुणी काही करावं लागत नाही."

वहिनी दारात हात पुसत उभ्या होत्या. "म्हणजे पुढच्यानं हुंदडायचं, आणि मागून कुणीतरी सतत दाबून धरायचं, तेव्हा कुठे गाडं सरळ चालणार. याला कारखाना कशाला लागतो? मला विचारलं असतं."

काटासाहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. पण त्यांच्या डोक्यात एक फार मोठा तराजू कलंडला होता. एकतीस वर्षं ज्याला ते दोष म्हणत आले, तोच इथे गुण निघाला होता.

मुलीनं फळीची तार उलटी केली. फळी खाली गेली की हवा तिला वर ढकलते, म्हणजे शेपूट वर आणि नाक खाली. टीव्हीवाल्याचा हिशोब सरळ होता, फक्त उलट्या दिशेनं. मग ती शेपटावरून हात फिरवत म्हणाली, "आणि हे एवढं मोठं करायला कुणी सांगितलं?"

"हेडबाईंनी."

"त्यांना आमच्याकडे पाठवा. मी सहा महिने हेच सांगतेय." आणि तिनं शेपटावरचा हात काढून घेतला.

"सांगतेयस की मोजून दाखवतेयस?" काटासाहेबांनी विचारलं.

"आकडे आहेत. कागदावर."

"कागदावर माझंही उडत होतं."

"नमुना करून वाऱ्याच्या बोगद्यात, जोराच्या झोतासमोर ठेवून मोजायला हवं. पण ते त्यांनी ठरवायचं. मी मागायला गेले की आधी हसणार."

"हसू देत की. त्यांना किती वेळ लागतो हसायला?"

बॅटरी तिनं नाकाशी नेली. तरी नाक पुरेसं जड होईना. काटासाहेब उठले, कपाटातून मखमली पेटी काढली. निवृत्तीला खात्यानं दिलेली प्रमाण वजनं होती ती. तिला घरात कुणी हात लावत नसे. त्यातलं शंभर ग्रॅमचं पितळी वजन त्यांनी नाकाला बांधलं, आणि तिथेच थांबले. "नाही चालणार. दाखला सहाशे चाळीसचा आहे. आता सातशे चाळीस होतील."

"कोण बघणार आहे, बाबा?"

"मी."

मुलगी आईकडे बघायला लागली. आजवर या घरातले असले पेच आईनंच सोडवले होते.

"मागचं बोंड काढा," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून सांगतेय."

बोंड काढलं, सोनाराकडून मागून आणलेल्या काट्यावर ठेवलं. साडेअठ्ठ्याण्णव ग्रॅम. म्हणजे विमान दाखल्यापेक्षा दीड ग्रॅम जास्त भरत होतं. काटासाहेबांनी त्या दीड ग्रॅमकडे बराच वेळ पाहिलं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "असू दे."

रविवारी साडू दुकानातली घडीची खुर्ची घेऊन आले आणि मैदानाच्या मधोमध बसले. सोबत त्यांची बायको. हेडबाई आल्या, कारकून दाखला वाचत उभा राहिला. "बघू या तर शेपूट," साडू म्हणाले.

टीव्हीवाल्यानं विमान फेकलं. ते सरळ गेलं. थबकलं नाही, उताणं झालं नाही. मैदानाच्या टोकाशी काटासाहेबांनी त्याला हळूच वळवलं आणि ते डोक्यावरून गुरगुरत परत आलं. टीव्हीवाल्यानं टाळी वाजवली. मुलगी नुसती बघत होती, मान वर करून, लहानपणी बघायची तशी.

साडूंना एवढा वेळ दुसऱ्याच्या हातात काही बघवत नसे. "द्या जरा इकडे. माझ्या पुतण्याकडे होतं असलं," म्हणत त्यांनी रिमोट घेतला आणि स्टिक जोरात मागे खेचली. विमान नाक वर करून उभं राहिलं. साडूंनी घाबरून पुढे ढकलली. ते खाली झेपावलं. मागे, पुढे, मागे. विमान दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खाऊ लागलं.

"काका, सोडा," मुलगी म्हणाली. "काहीच करू नका. हात सोडा."

"सोडलं तर पडेल."

"नाही पडणार."

"अगं, चालवायला कुणीतरी नको का?"

"साडूभाऊ," काटासाहेब म्हणाले. आवाज बाजारातला होता, शांत. "ती म्हणतेय ना, सोडा."

साडूंनी गोंधळून दोन्ही हात सोडले, इतके मनापासून की रिमोट गवतात पडला आणि त्याची बॅटरी निघून खुर्चीखाली गेली. वर विमान होतं आणि ते आता कुणाचंच नव्हतं. त्यानं नाक खाली घातलं. वेग वाढला. नाक वर आलं. पुन्हा खाली गेलं, पण या वेळी थोडंसंच. पुन्हा वर, आणखी थोडं. मग ते हेलकावे विरून गेले, आणि विमान आपलं आपण, सरळ, पुढे जाऊ लागलं. खाली सगळ्यांच्या माना वर होत्या. साडूंचीसुद्धा.

"हे शेपटानं केलं?" साडूंनी विचारलं.

"फक्त शेपटानं," काटासाहेब म्हणाले. पंधरा दिवस जपून ठेवलेलं उत्तर ते हेच. ते तोंडात घास नसताना देता आलं याचं त्यांना फार बरं वाटलं.

"आणि बोलावताना म्हणाला होतात, शेपूट काढूनही दाखवणार, ते?"

"त्याची आता गरज नाही."

विमान सरळच जात राहिलं. सावरणं त्याला येत होतं, वळणं येत नव्हतं, आणि बॅटरी अजून खुर्चीखाली होती. ते मैदान ओलांडून गेलं आणि कार्यालयाच्या पत्र्याच्या छपरावर जाऊन आदळलं. कारकुनानं आत जाऊन एक अर्ज आणला. "छपरावरची वस्तू उतरवणं. इतरमध्ये येईल."

टीव्हीवाल्यानं छपरावर चढून सगळं खाली आणलं. पंख तुटले होते, नाक चेपलं होतं, रॉड पुढच्या टोकाला किंचित वाकला होता, पितळी वजनाला पोचा आला होता. शेपूट जसंच्या तसं होतं. मुलीनं ते अलगद सोडवून घेतलं आणि आपल्या बॅगेत भरायला लागली. बॅगेची चेन लागेना. शेपूट वीतभर बाहेर राहिलं.

"कुठे नेतेस हे?" वहिनींनी विचारलं.

"उद्या टेबलावर ठेवायला."

साडू खुर्चीची घडी घालत होते. ते जवळ आले, बॅगेकडे बघून खाकरले आणि म्हणाले, "उभी धर गं. आडवी धरलीस तर मुडपेल ते."

सोमवारी काटासाहेबांनी सकाळपासून घरातली प्रत्येक तसबीर सरळ केली, मग हेडबाईंकडच्या केल्या. संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, मांडलं मी."

"हसले?"

"हसले. बॅगेतून शेपूट काढलं तेव्हा तर फारच हसले. मी थांबले, त्यांचं होईपर्यंत."

"मग?"

"मग सगळं सांगितलं. शेवटी सगळ्यात वरचे साहेब शेपूट हातात घेऊन उलटंसुलटं करत राहिले, आणि म्हणाले, ठीक आहे, बोगद्यात ठेवा. मोजून बघू."

काटासाहेबांनी फोन वहिनींच्या हातात दिला आणि झोपायच्या खोलीत गेले. पोचा आलेलं वजन त्यांनी मखमलीत परत ठेवलं. नियमानं ते आता बाद होतं. पेटीत त्याची जागा मात्र तीच राहिली. मग स्टुलावर चढून त्यांनी रॉड खिडकीवर बसवला आणि पडदा लावला. वाकल्यामुळे रॉड एका टोकाला बोटभर खाली राहिला. काटासाहेबांचा हात सवयीनं वर गेला, तिथे थांबला, आणि खाली आला.

वहिनी फोन संपवून दारात आल्या. "वाकडा बसलाय," त्या म्हणाल्या.

"वाकडा नाही," काटासाहेब स्टुलावरून उतरत म्हणाले. "नाक जड आहे."